पायाचा खर्च कोणी केला?

जयपूरच्या मालवीय नगरात भगवान महावीर विकलांग सहायता समितीचे केंद्र आहे. तिथे माणूस कुबड्या टेकत येतो. त्याच्या उरलेल्या पायाभोवती प्लास्टरची ओली पट्टी गुंडाळून साचा घेतात. मग पाण्याच्या पाइपांसाठी वापरतात त्याच जातीच्या प्लास्टिकची नळी भट्टीत मऊ करून साच्यावर ओढतात आणि खाली रबरी पाऊल जोडतात. दोन समांतर दांड्यांना धरून चार फेऱ्या मारायच्या, कुठे टोचते ते सांगायचे, कारागिराने थोडे घासून द्यायचे. बऱ्याचदा त्याच दिवशी, नाहीतर दोन-तीन दिवसांत, तो माणूस कुबड्या हातात घेऊन चालत बाहेर पडतो. बिल नसते. राहण्या-जेवणाचेही पैसे घेत नाहीत.

पाय फुकट असतो तो घेणाऱ्याला. खर्च कोणीतरी केलेलाच असतो. तो कोणी आणि कधी केला, याचा माग काढायला बसले की विज्ञान-संशोधनाला पैसा सरकारने पुरवावा की खासगी हातांनी, हा जुना वाद नेहमीसारखा दिसत नाही. दोन्ही पक्ष या पायाला, म्हणजे ‘जयपूर फूट’ला, आपला साक्षीदार म्हणून उभे करतात. सरकारी रुग्णालयात जन्मला म्हणून तो सरकारी पैशाचे यश, आणि देणग्यांच्या जोरावर जगभर गेला म्हणून खासगी औदार्याचे. साक्ष दोन्हीकडची खरी आहे, पण प्रत्येक जण आपल्या सोयीच्या वर्षांपुरतेच बोलतो.

सुरुवात जयपूरला झालीही नाही. दुसऱ्या महायुद्धातून हजारो अमेरिकी सैनिक हातपाय गमावून परतले. त्यांच्या लाकडी पायांवरून आरडाओरडा झाला, तेव्हा १९४५ साली सरकारने तिथल्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसला कामाला लावले. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात माणूस नेमका चालतो कसा, याची मापे घेण्यात आली. १९५० च्या दशकात त्यातून ‘सॅच फूट’ आला : आत घट्ट घोटा, टाचेत मऊ उशी, हलणारा एकही भाग नाही. स्वस्त आणि टिकाऊ. पैसा सगळा सरकारी, कारण गिऱ्हाईकही सरकारच होते.

हा पाय भारतात आला आणि अडला. तो बुटात घालण्यासाठी केलेला होता, आणि राजस्थानातला शेतकरी बूट घालत नव्हता. त्याला उकिडवे बसायचे असे, मांडी घालून जेवायचे असे, वाफ्यातल्या चिखलात उतरायचे असे. सॅच फूट यातले काहीच करू देत नसे. पाणी लागले की फुगे, बुटाविना झिजे. रुग्णालयातून पाय लावून गेलेली माणसे महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा कुबड्यांवर दिसू लागत. शस्त्रक्रिया बिनचूक, पाय बिनचूक, आणि माणूस घरी बसलेला.

सवाई मानसिंग रुग्णालयातले अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांना हे दिसत होते. वाराणसीत १९२७ साली जन्मलेले सेठी १९५४ मध्ये एडिंबराहून एफआरसीएस होऊन आलेले. त्याच रुग्णालयात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. शाळा फारशी शिकलेले नाहीत, पण लाकूड, धातू, दगड काहीही हातात द्या. रुग्णांना हस्तकला शिकवण्याचे त्यांचे काम, म्हणून सगळे त्यांना ‘मास्टरजी’ म्हणत. शरीरशास्त्र सेठींकडे होते आणि वस्तूंची जाण मास्टरजींकडे. दोघांत इंग्रजी येणारा एक आणि न येणारा एक, त्यामुळे संशोधनाची सगळी चर्चा हिंदीत झाली असणार, ही गोष्ट आपल्याकडच्या विज्ञानाच्या इतिहासात विरळाच.

रबरी पावलाची कल्पना कशी सुचली याची एक गोष्ट जयपुरात सांगतात. मास्टरजींची सायकल पंक्चर झाली, ते रस्त्याकडेच्या दुकानात थांबले, तिथे ट्रकच्या झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवण्याचे काम चालले होते. ते पाहून त्यांनी पावलाचा साचा आणून दिला आणि दुकानदाराने त्यात रबर भरून भाजून दिले. गोष्ट सांगताना तिला थोडी झिलई चढली असेल. पण पहिली पावले टायरवाल्याच्या भट्टीतून निघाली एवढे खरे. पहिले पाऊल भरीव रबराचे, म्हणून जड झाले. मग आत तुकडे आले. टाचेला आणि चवड्याला हवेचे बारीक कण असलेले हलके रबर, चप्पलांच्या तळव्यांना असते तसे. घोट्यात लाकडी ठोकळा. तिन्ही एकत्र बांधून टायरमधल्या धाग्याने आवळायचे, वरून कातडीच्या रंगाचे रबर लपेटायचे आणि धातूच्या साच्यात घालून उष्णतेने पक्के करायचे. तीन तुकडे एकमेकांवर थोडे हलतात, म्हणून पाऊल तिन्ही दिशांना वाकते. उकिडवे बसता येते आणि शेताच्या बांधावरून तिरपे चालताही येते. अनवाणी चालता येते, कारण बाहेरचे आवरण हेच पादत्राण. साल १९६८.

यासाठी कोणाकडेही प्रकल्प मंजुरीला पाठवलेला नव्हता. सरकारी दप्तरात जयपूर फूटवर संशोधन म्हणून झालेला खर्च शोधायला गेले तर हाती फारसे लागणार नाही. पण डॉक्टरांचा पगार राजस्थान सरकार देत होते, मास्टरजींचा पगार तेच देत होते. छप्पर सरकारी होते आणि समोर रोज येणारे रुग्ण सरकारी रुग्णालयाचेच होते. शिवाय ज्या सॅच फूटच्या उणिवा पाहून हे सुचले, तो अमेरिकी करदात्याच्या पैशाने झालेला. सार्वजनिक पैशाचा हा प्रकार कोणत्याच तक्त्यात दिसत नाही : पगार देऊन माणसाला थोडी मोकळीक देणे. नाव देता येत नाही म्हणून काटकसरीच्या वेळी पहिली कात्री त्यालाच लागते.

श्रेयाची वाटणी मात्र तक्त्याप्रमाणेच झाली. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पद्मश्रीही मिळाली. मास्टरजींचे नाव नंतरच्या लेखांत तळटीपेसारखे येत राहिले. १९७८ साली ‘प्रॉस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स इंटरनॅशनल’ या नियतकालिकात या पावलावर निबंध छापून आला, त्यावर डॉक्टरांच्या जोडीने ‘चंद्र’ हे त्यांचेही नाव होते, हे सेठींच्या बाजूने नोंदवायला हवे.

शोधानंतरची सात वर्षे फार सांगण्यासारखी नाहीत, आणि तेच सांगण्यासारखे आहे. १९६८ ते १९७५ या काळात जेमतेम पन्नास-साठ पाय बसवले गेले. शोध लागला होता, परिषदांत वाचला गेला होता, कोणी नाकारला नव्हता. पण रुग्णालयाचे काम एकेका रुग्णाचे. शेकड्याने पाय करायचे तर कारागीर, कच्चा माल, जागा, येणाऱ्यांच्या राहण्याची सोय, आणि हे सगळे कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचे? सरकारने शोधाला जन्म दिला आणि वाढवायची वेळ आली तेव्हा त्याच्याकडे रकाना नव्हता.

इथे देवेंद्रराज मेहता येतात. राजस्थानातले सनदी अधिकारी, पुढे रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर आणि १९९५ ते २००२ ‘सेबी’चे अध्यक्ष. १९६९ साली मोटार अपघातात त्यांचा पाय कापावा लागण्याची वेळ आली होती. पाय वाचला, पण कृत्रिम पाय घ्यायला आलेल्या गरिबाचे रुग्णालयात काय होते हे त्यांनी खाटेवरून पाहिले. मार्च १९७५ मध्ये त्यांनी समिती सुरू केली. भगवान महावीरांच्या निर्वाणाचे अडीच हजारावे वर्ष साजरे होत होते, जैन समाजात दान देण्याची लाट होती, जयपूरचे जवाहिरे पैसेवाले होते. समितीचे काम सुरुवातीला सवाई मानसिंग रुग्णालयाच्याच आवारात चाले. म्हणजे शोध सरकारी, आवार सरकारी, देणगी खासगी, आणि ती गोळा करणारा माणूस सरकारी नोकर! यातले खासगी वेगळे काढून दाखवा म्हटले तर हिशेबनीस थकेल.

समितीने वस्तूपेक्षा पद्धत बदलली. येणाऱ्याला तारीख द्यायची नाही, रात्री आला तरी आत घ्यायचे, मापे घेतली की शक्यतो पाय घेऊनच पाठवायचे. रोजंदारीवरच्या माणसाला दुसरी खेप परवडत नाही, हे त्यामागचे साधे गणित. उरलेला पाय ज्यात बसतो ते सॉकेट आरंभी अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे ठोकून बनवत, नंतर प्लास्टिकच्या नळ्या आल्या आणि काम तासांवर आले. पाय, कॅलिपर, सायकली, कुबड्या मिळून समितीने आजवर वीस लाखांहून अधिक लोकांना मदत केली आहे. अफगाणिस्तानपासून आफ्रिकेपर्यंत शिबिरे झाली, आणि २०१८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त अशा शिबिरांचा खर्च आपल्याकडे घेतला. मुंबईत वाढलेली नर्तिका सुधा चंद्रन १९८१ च्या अपघातात पाय गमावून १९८४ मध्ये याच पायावर पुन्हा रंगमंचावर उतरली. तिच्यावरच्या चित्रपटांनी ‘जयपूर फूट’ हा शब्द मराठी घरांतही पोचवला.

पेटंट कोणी घेतले नाही. कोणीही शिकावे, कोणीही बनवावे. व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक सी. के. प्रल्हाद यांनी २००४ च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात समितीचा दाखला दिला, तेव्हा इथला पाय तीसेक डॉलरांत होत होता आणि अमेरिकेतला काही हजारांत.

दुसऱ्या टोकाला जर्मन कंपनी ऑटोबॉक आहे. १९१९ साली पहिल्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी बर्लिनमध्ये सुरू झालेली. तिने १९९७ मध्ये ‘सी-लेग’ बाजारात आणला : गुडघ्यात संगणकाची चिप, पावलागणिक दाब ओळखून स्वतः जुळवून घेणारा. किंमत लाखांत. खासगी संशोधनाची ही खरी ताकद आहे, आणि जयपूरच्या कौतुकाच्या भरात ती नाकारणे बरे नव्हे. जिना उतरताना गुडघा दगा देणार नाही, ही खात्री रबराच्या पावलातून मिळत नाही. मात्र सी-लेगची मूळ कल्पना कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या अभियंत्याची. कंपनीने तिचे हक्क १९९२ मध्ये विकत घेतले आणि पाच वर्षे पैसा ओतून तिला विकण्याजोगे केले. सार्वजनिक विद्यापीठाच्या कल्पनेला कंपनीने बाजार दिला, आणि त्या बाजारातले मोठे गिऱ्हाईक पुन्हा विमा योजना व सैनिकांची सरकारी खाती.

निव्वळ सरकारी मार्गाने काय झाले असते, याचे उत्तरही भारतात आहे. पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. युद्धात पाय गमावलेल्या जवानांना तिथे उत्तम सेवा मिळत आली. कानपूरला १९७२ साली ‘अलिम्को’ हा केंद्र सरकारचा कारखाना स्थापन झाला. त्याचे भाग देशभर गेले, १९८१ च्या ‘अॅडिप’ योजनेतून अपंगांपर्यंत पोचले. त्याच योजनेचे अनुदान जयपूरच्या समितीलाही मिळत आले. ही कामे मोठी आहेत आणि त्यांच्यावर चित्रपट निघालेला नाही, एवढ्यावरून त्यांना नावे ठेवू नयेत. पण उकिडवे बसणाऱ्या माणसाकडे पाहून पाऊल नव्याने करावे, हे कारखान्याला सुचले नाही. कारखान्यासमोर तो माणूस बसलेला नव्हता.

मग कमी काय पडले? पाय लावून घरी गेलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे पाहायला कोणी पैसे दिले नाहीत. देणगीदाराला आकडा आवडतो : शिबिरात इतके आले, इतक्यांना पाय मिळाले, सोबत छायाचित्र. सरकारी अनुदानाचा अहवालही वाटलेल्या नगांचाच. सहा महिन्यांनी त्यातले किती पाय वापरात आहेत, किती छपराला टांगले आहेत, सॉकेटने किती जणांना जखमा झाल्या, याची मोजणी महाग, रटाळ आणि गैरसोयीची. २००४ साली डेन्मार्कचे डॉ. येन्सेन आणि सहकाऱ्यांनी हे पाय वापरणाऱ्यांना प्रत्यक्ष गाठले. सॉकेटची बसवण, जुळणी आणि टिकाऊपणा यांत त्यांना बऱ्याच त्रुटी आढळल्या. निबंध छापला गेला त्याच नियतकालिकात, ज्यात २६ वर्षांपूर्वी सेठींचा निबंध आला होता. जयपूरच्या चाहत्यांना तो रुचला नाही. मोकळे ठेवलेले तंत्र कोणीही बनवते, आणि वाईट बनवले तरी नाव जयपूरचेच लागते, हे पेटंट न घेण्याच्या उदारपणाचे दुसरे अंग आहे. कंपनी आपल्या नावाला जपण्यासाठी तपासणी करते. सर्वांची वस्तू तपासायची कोणी?

काही प्रमाणात ही उणीव बाहेरच्यांनी भरली, आणि तीही मिश्र पैशांनी. इस्रोने अवकाशयानांसाठी लागणाऱ्या पॉलियुरेथेनवर काम केले होते, त्यातून हलक्या पावलाचे तंत्र समितीला दिले. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी एका अभ्यासक्रमाचा भाग म्हणून समितीसाठी वीस डॉलरांचा गुडघा तयार केला. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००९ च्या उत्तम शोधांत त्याची गणना केली. गुडघा गाजला. रबरी पावलांच्या प्रत्येक घाण्याची ताकद तपासण्याचे काम कोणत्याही वर्षीच्या उत्तम शोधांच्या यादीत येण्यासारखे नाही.

मालवीय नगराहून शहराच्या जुन्या भागाकडे गेले की पैसा कोणाचा आणि तो किती काळ पुरणार, या प्रश्नाची तीनशे वर्षे जुनी आवृत्ती उभी आहे. सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये जयपूर वसवले आणि १७३० च्या दशकात जंतरमंतर पुरे केले. दिल्ली, उज्जैन, मथुरा, काशी इथेही वेधशाळा उभारल्या. इथले सम्राट यंत्र २७ मीटर उंच, त्याची सावली डोळ्यांना दिसेल अशी सरकते, सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर. ग्रहताऱ्यांची युरोपातली नवी कोष्टके मिळवण्यासाठी जयसिंहांनी पोर्तुगालला माणसे धाडली. तिथून आलेल्या, खगोलशास्त्रज्ञ ला हिर यांच्या कोष्टकांत चंद्राच्या जागेत अर्ध्या अंशाची चूक निघाली, असे त्यांनी बादशहा मुहम्मदशहाच्या नावाने केलेल्या आपल्या ग्रंथात नोंदवले. राजाचा खजिना सरकारी म्हणायचा की खासगी? दोन्ही म्हणता येईल. धोका मात्र एकच होता : दाता एक, आयुष्यही एक.

१७४३ मध्ये जयसिंह गेले. मुलांमध्ये गादीवरून भांडण लागले आणि त्यात आपले होळकर-शिंदे उतरले. १७५० च्या डिसेंबरात मल्हारराव होळकरांची फौज वेशीवर असताना गादीवरच्या मुलाने, ईश्वरीसिंहाने, जीव दिला, आणि पुढच्याच महिन्यात जयपुरात मराठ्यांची कत्तल झाली. खंडणी भरता भरता दमलेल्या दरबारात तारे मोजायला कोण बसणार? त्या वेधशाळेच्या ओसाडीत मराठ्यांचाही थोडा वाटा आहे. १९०१ साली गॅरेट या इंग्रज अधिकाऱ्याने पंडित चंद्रधर गुलेरींच्या मदतीने यंत्रांची डागडुजी केली तेव्हा ती पुन्हा वाचता येऊ लागली. गुलेरी म्हणजे हिंदीतले नामवंत कथाकार तेच.

एका माणसावर तगलेल्या वेधशाळेचे हे नशीब पुण्याच्या वाट्यालाही आले. भावनगरच्या महाराजांची देणगी आणि तेवढीच सरकारी रक्कम यांतून कावसजी नायगमवाला यांनी विज्ञान महाविद्यालयात तख्तसिंहजी वेधशाळा उभी केली. १८८८ पासून ती चालली, वीस इंचांची दुर्बीण होती, भारतात तेव्हा मोठी. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. टाटांच्या पैशाचे तसे झाले नाही. १९४४ च्या मार्चमध्ये होमी भाभांनी दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिले, १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली, आणि ट्रस्टच्या जोडीला मुंबई सरकार व भारत सरकार आरंभापासूनच आले. पुढे भार जवळजवळ सगळा केंद्राने उचलला. देणगीने दार उघडले आणि दर महिन्याचा पगार सरकारने दिला. संस्था टिकली.

आता आकडे. भारताने २०२०-२१ मध्ये संशोधनावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के, म्हणजे सुमारे १ लाख २७ हजार कोटी रुपये, खर्च केले. त्यात खासगी उद्योगांचा वाटा ३६ टक्क्यांच्या आसपास. अमेरिकेत, दक्षिण कोरियात हे प्रमाण पाऊणच्या घरात जाते. हे बदलण्यासाठी २०२३ च्या कायद्याने ‘अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन’ स्थापन झाले. पाच वर्षांत ५० हजार कोटी, पैकी १४ हजार कोटी सरकारचे आणि ३६ हजार कोटी इतरांकडून. या ‘इतरां’मध्ये देणगीदार, कंपन्या, परदेशी संस्था आहेत, आणि सरकारी मालकीच्या कंपन्याही आहेत. एका खिशातून काढून दुसऱ्यात घातलेला रुपया खासगी म्हणून मोजला जाण्याची सोय पहिल्याच दिवशी झाली.

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आणखी एक लाख कोटींची योजना मंजूर केली. खासगी कंपन्यांना संशोधनासाठी दीर्घ मुदतीचे, नाममात्र किंवा शून्य व्याजाचे कर्ज. कल्पनेपासून वापरापर्यंत तंत्रज्ञानाच्या नऊ पायऱ्या मोजतात आणि हा पैसा चौथ्या पायरीपासून वर मिळणार आहे. १९६८ सालचे टायरवाल्याच्या भट्टीतले पहिले जड पाऊल त्या शिडीवर दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर उभे होते, आणि अर्ज भरायला मास्टरजींकडे कंपनीही नव्हती. नववी पायरी म्हणजे प्रत्यक्ष वापरात सिद्ध झालेली वस्तू. ती लावून गावी गेलेल्या माणसाकडे वर्षभराने जाऊन सॉकेटखालची कातडी तपासणाऱ्याचा बसभाड्याचा खर्च दहाव्या पायरीचा, आणि शिडी नऊवरच संपते.